सुई कोणाची, दंड कोणाला

ऑगस्ट २०१४ मध्ये सिडनीच्या क्रोनुला शार्क्स या रग्बी लीग क्लबच्या आजी-माजी खेळाडूंनी उत्तेजकांच्या प्रकरणात बारा महिन्यांची बंदी मान्य केली. कागदावर शिक्षा कडक दिसते. मात्र बंदीचा काळ मोजायला सुरुवात केली ती २३ नोव्हेंबर २०१३ पासून, म्हणजे तब्बल नऊ महिने मागून. त्या नऊ महिन्यांत यातले बरेच जण राजरोस मैदानावर खेळत होते. क्लबचा कर्णधार पॉल गॅलन तर याच काळात न्यू साउथ वेल्सचं नेतृत्व करत होता. सलग आठ वर्षं क्वीन्सलँडकडून मार खाल्ल्यावर त्याच्या संघाने त्या वर्षी या दोन राज्यांमधली स्टेट ऑफ ओरिजिनची मालिका जिंकली. कायद्याच्या हिशोबाने बघायचं तर बंदी भोगत असलेला माणूस ऐंशी हजार प्रेक्षकांसमोर करंडक उंचावत होता. साखळी सामन्यांचे शेवटचे तीन आठवडे उरले होते, क्लब गुणतक्त्यात तळाला होता, त्यामुळे क्रोनुलाच्या खेळाडूंचं लीगमधलं प्रत्यक्ष नुकसान झालं जेमतेम तीन सामन्यांचं.

या तडजोडीवर तेव्हा भरपूर टीका झाली. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनेही, म्हणजे वाडाने, नाराजी बोलून दाखवली आणि तरी अपील केलं नाही. नियमाच्या चौकटीत सगळं बसत होतं. त्या वेळची मूळ शिक्षा दोन वर्षांची, खेळाडूंचा दोष फार मोठा नाही म्हणून ती निम्मी, आणि चौकशीच रेंगाळली म्हणून मागच्या तारखेपासून लागू. एकेक पायरी तपासली तर चूक काढणं अवघड. शेवटच्या पायरीवर मात्र हसू येतं.

मला तक्रार करायची आहे ती शिक्षा सौम्य होती याबद्दल नाही. तीन सामने की तीस, हा वाद खेळाडूंनी काय केलं याभोवतीच फिरत राहतो. या प्रकरणात ज्या सतरा खेळाडूंवर ठपका आला ते नोकरीवर होते. ज्या जागी त्यांना सुया टोचल्या गेल्या ती त्यांची कामाची जागा होती, आणि टोचणारा माणूस मालकाने आणलेला होता. एखाद्या रासायनिक कारखान्यात सतरा कामगारांना कसलं तरी द्रव्य टोचलं गेलं असतं तर पहिला प्रश्न मालकाला विचारला गेला असता. क्लबला मात्र शिक्षा झाली ती स्पर्धा चालवणाऱ्या लीगच्या नियमांखाली.

क्रोनुला हा सिडनीच्या दक्षिणेचा, सदरलंड शायर भागातला समुद्रकाठचा क्लब. १९६७ मध्ये तो वरच्या स्पर्धेत आला आणि त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं त्याला विजेतेपद मिळालं नाही. त्याच साली ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान हॅरल्ड होल्ट समुद्रात पोहायला गेले ते परत आलेच नाहीत. क्रोनुला जिंकण्याची वाट बघणं म्हणजे होल्टसाहेबांसाठी ओसरीवरचा दिवा जळत ठेवणं, असा टोमणा जॅक गिब्सन या नावाजलेल्या प्रशिक्षकाने मारला होता. तिकडच्या लोकांना तो अजून तोंडपाठ आहे.

क्लबची आर्थिक स्थितीही अशीच, कायम ओढगस्तीची. सिडनीच्या यातल्या बऱ्याच जुन्या क्लबांना कोणी एक धनाढ्य मालक नसतो. सभासदांचा क्लब, त्यांनी निवडून दिलेलं संचालक मंडळ, जोडीला दारू-जेवण आणि जुगाराची यंत्रं असलेलं क्लबघर, आणि त्या यंत्रांत पडणाऱ्या नाण्यांवर चालणारा संघ, असा तो संसार. क्रोनुलाच्या डोक्यावर वर्षानुवर्षं कर्ज होतं आणि प्रायोजक टिकत नव्हते. अशा क्लबला कमी खर्चात मोठ्या क्लबांच्या बरोबरीला आणून दाखवणारा माणूस भेटला तर त्याची पार्श्वभूमी खणत बसायला कोणाला उसंत असते? ‘क्रीडाविज्ञान’ या शब्दाला तेव्हा भाव होता. त्या नावाखाली कोणाला कामावर घ्यायचं याला धड परवान्याची अटही नव्हती. डॉक्टर, फिजिओ यांना नोंदणी लागते, ते चुकले तर त्यांची सनद जाऊ शकते. क्रीडावैज्ञानिक म्हणवणाऱ्याला तसलं काही जोखमीवर लावावं लागत नव्हतं.

स्टीव्हन डँक हे त्या काळातलं असं नाव. आधी मॅनली क्लबमध्ये काम केलेला हा माणूस २०११ च्या हंगामाच्या सुरुवातीला काही आठवडे क्रोनुलात होता. पुढे तो मेलबर्नला, ऑस्ट्रेलियन फुटबॉल या वेगळ्याच खेळाच्या एसेंडन क्लबात गेला. क्रोनुलाच्या खेळाडूंवर ठपका आला तो सीजेसी-१२९५ आणि जीएचआरपी-६ या पेप्टाइडांचा. शरीराला स्वतःचं वाढीचं संप्रेरक जास्त सोडायला लावणारी ही द्रव्यं आहेत आणि ती वाडाच्या बंदी असलेल्या यादीत आहेत. आपल्याला यातलं काही बंदी असलेलं आहे हे माहीत नव्हतं, असंच खेळाडू शेवटपर्यंत सांगत राहिले. डँक यांनी आरोप कायम नाकारले. एका वृत्तपत्रावर त्यांनी अब्रुनुकसानीचा दावाही लावला, पण २०१६ मध्ये त्यातून भरपाई म्हणून त्यांच्या हाती दमडीही पडली नाही.

७ फेब्रुवारी २०१३ ला कॅनबेरात ऑस्ट्रेलियन गुन्हे आयोगाचा खेळ आणि संघटित गुन्हेगारीवरचा अहवाल जाहीर झाला. मंत्री आणि झाडून सगळ्या मोठ्या खेळांचे प्रमुख व्यासपीठावर ओळीने उभे होते. क्लबचं नाव नाही, खेळाडूचं नाव नाही, आणि तरी देशभरच्या प्रत्येक ड्रेसिंग रूमवर संशय. उत्तेजकविरोधी यंत्रणेच्या एका माजी प्रमुखाने हा ऑस्ट्रेलियन खेळातला सर्वांत काळा दिवस असल्याचं म्हटलं आणि मथळा तयारच झाला. आरोप आधी आणि तपास नंतर, हा उलटा क्रम पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ आहे.

मार्चमध्ये क्रोनुलाचं नाव उघड झालं तेव्हा संचालक मंडळाने काय केलं हे बघण्यासारखं आहे. प्रशिक्षक शेन फ्लॅनगन यांना बाजूला केलं आणि डॉक्टर, फिजिओ, ट्रेनर, संघव्यवस्थापक अशा चौघांना एका फटक्यात काढून टाकलं. चौकशी अजून सुरूही झाली नव्हती म्हणा ना. खेळाडूंपुढे प्रस्ताव आला : कबूल करा, सहा महिन्यांवर सुटाल. वकिलांशी बोलून त्यांनी तो नाकारला. कशाची कबुली द्यायची हेच त्यांना धड सांगता येत नव्हतं. दोन आठवड्यांत फ्लॅनगन परत आले. अध्यक्ष डेमियन अर्विन यांनी वृत्तपत्राशी नको तितकं बोलून ठेवलं होतं, त्यांना राजीनामा द्यावा लागला. ज्या मंडळाच्या नाकाखाली हे सगळं घडलं तेच मंडळ न्यायाधीश होऊन बसलं, त्याने खालच्यांना घरी पाठवलं आणि दार लावून घेतलं. पाण्यात पडलेला माणूस हाताला लागेल त्याला बुडवून वर येतो, त्यातलाच हा प्रकार.

त्या वर्षी १७ डिसेंबरला लीगने निकाल दिला. क्लबला दहा लाख डॉलरचा दंड, त्यातला काही भाग सशर्त स्थगित. फ्लॅनगन वर्षभर निलंबित, सरावप्रमुख ट्रेंट एल्किन यांची नोंदणी रद्द. कारभार ढिला होता, देखरेख नव्हती, खेळाडूंच्या आरोग्याला धोका पोहोचू दिला, असं लीगचं म्हणणं. म्हणजे मुद्दा बरोबर पकडला होता. दंड मात्र बसला तो सभासदांच्या क्लबला. कर्जबाजारी क्लबवर दहा लाखांचा बोजा म्हणजे तो कोणी फेडायचा? हंगामाचं तिकीट काढणाऱ्या प्लंबरने, शाळकरी मुलांच्या संघांच्या खर्चातून, आणि यंत्रात नाणी टाकत बसणाऱ्या म्हाताऱ्यांनी. ज्या संचालकांनी माणूस नेमताना प्रश्न विचारले नाहीत त्यांच्या खिशाला या निकालाने कसलीच तोशीस लागली नाही.

दंडाच्या आकड्याहून मोठा खर्च असतो तो त्याच्या आजूबाजूचा, आणि तो निकालपत्रात येत नाही. क्लबने स्वतः नेमलेल्या चौकशीचा खर्च. वकिलांचे तास. संशयाच्या सावलीत असलेल्या जर्सीवर नाव छापायला प्रायोजक दहा वेळा विचार करणार, ते नुकसान. खेळाडूंचे वकील भरपाईची भाषा बोलू लागतात आणि विमा कंपनी करारातलं बारीक अक्षर काढून बसते. २०१४ चा हंगाम निलंबित प्रशिक्षकाविना गेला आणि क्लब शेवटच्या क्रमांकावर आला. क्रोनुला बुडाला कसा नाही, याचं उत्तर मैदानात नसून मैदानाखालच्या जमिनीत आहे. वुलूवेअरचं स्टेडियम क्लबच्या स्वतःच्या मालकीचं. सिडनीत ही चैन फार थोड्या क्लबांना आहे. त्या जागेवर दुकानं आणि राहत्या इमारती उभारायला आधीच मंजुरी मिळालेली होती आणि त्यातून पैसा येऊ लागला. उत्पादन बंद पडलं तरी जागेच्या भावावर तरून जाणं म्हणजे काय हे गिरणगाव पाहिलेल्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. ज्या क्लबकडे अशी जमीन नाही, त्याचं याच दंडाने काय झालं असतं? शिक्षा सारखी असली तरी एका क्लबचं दिवाळं निघतं आणि दुसरा तीन वर्षांत विजेता होतो. हो, २ ऑक्टोबर २०१६ ला क्रोनुलाने मेलबर्न स्टॉर्मला १४-१२ असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. प्रशिक्षक फ्लॅनगन, कर्णधार गॅलन.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला मेलबर्नमध्ये एका छोट्या न्यायालयात जे घडलं ते मला त्या अंतिम सामन्याहून महत्त्वाचं वाटतं. डँक पुढे ज्या क्लबात गेले त्या एसेंडनचं प्रकरण क्रोनुलाहून कितीतरी चिघळलं होतं. २०१३ मध्ये तिथल्या लीगने क्लबला वीस लाख डॉलर दंड केला, बाद फेरीतून बाहेर काढलं, प्रशिक्षक जेम्स हर्ड यांना वर्षभर घरी बसवलं. लीगच्या लवादाने मार्च २०१५ मध्ये ३४ खेळाडूंना निर्दोष ठरवलं. वाडाने अपील केलं आणि १२ जानेवारी २०१६ ला आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने सगळ्या ३४ जणांना दोषी धरलं. दोन वर्षांची बंदी, अख्खा हंगाम गेला, हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारं जोब वॉटसनचं २०१२ चं ब्राउनलो पदक गेलं. मथळे याचेच झाले. याच महिन्यात व्हिक्टोरिया राज्याच्या कामगार सुरक्षा यंत्रणेने भरलेल्या खटल्यात एसेंडनला दोन लाख डॉलरचा दंड झाला आणि ती बातमी आतल्या पानावर गेली.

आरोप साधा होता. मालक म्हणून कामाची जागा सुरक्षित ठेवली नाही. हा कायदा बांधकामावरच्या मजुराला आणि खाटीकखान्यातल्या कामगाराला जो लागू होतो तोच. त्यात टोचलेलं द्रव्य वाडाच्या यादीत होतं की नव्हतं हे सिद्ध करावं लागत नाही. खेळाडूला माहीत होतं का, त्याचा हेतू काय, हे प्रश्नही येत नाहीत. तुमच्या माणसांच्या शरीरात काय घातलं ते तुम्हाला सांगता येतं का, आणि येत नसेल तर का येत नाही, एवढंच विचारलं जातं. क्लबकडे याचं उत्तर नव्हतं. झिगी स्विटकोव्स्की यांनी २०१३ मध्येच क्लबसाठी केलेल्या अहवालात लिहिलं होतं की तिथे औषधांचे प्रयोग चालले होते, त्यांना कोणी आवर घातला नाही, कोणी जाब विचारला नाही आणि नीट नोंदीही ठेवल्या नाहीत. नोंदी नसणं हा अपराधाचा पुरावा नष्ट होण्याचा भाग झालाच. पण माझ्या मते तो स्वतंत्र अपराधच आहे. गावातला कंपाउंडरसुद्धा सलाईन लावल्यावर वहीत काहीतरी खरडतो.

जानेवारी २०१२ मध्ये एसेंडनचे डॉक्टर ब्रूस रीड यांनी क्लबला एक पत्र लिहिलं होतं. अनेक दशकं त्या क्लबात काढलेला माणूस. आपल्याला अंधारात ठेवून खेळाडूंना काहीबाही दिलं जातंय, अशा स्थितीत क्लबचा डॉक्टर म्हणून काम करणं आपल्याला कठीण झालंय, असा त्या पत्राचा सूर. एका साध्या पानावरचं हे पत्र वरच्या टेबलापर्यंत नीट पोहोचलं असतं तर पुढची चार वर्षं, कोट्यवधी डॉलर आणि ३४ जणांची कारकीर्द वाचली असती. कारखान्यात सुरक्षा अधिकाऱ्याने असं पत्र लिहिलं तर ते दाबणारा व्यवस्थापक उद्या न्यायालयात उभा राहील या भीतीने ते वर जातं. क्लबात ती भीती नव्हती, म्हणून ते कुठेतरी पडून राहिलं.

या दोन्ही प्रकरणांतली एक गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते. चौकशी सुरू झाली तेव्हा उत्तेजकविरोधी यंत्रणेला खेळाडूंकडून जबरदस्तीने उत्तरं घ्यायचा अधिकार कायद्याने नव्हता. तो २०१३ च्या दुरुस्तीने पुढे आला. लीगला मात्र तो होता, कारण करारानुसार खेळाडूला लीगच्या चौकशीत सहकार्य करावंच लागतं. म्हणून एसेंडनच्या चौकशीला लीग आणि सरकारी यंत्रणा जोडीने बसल्या. हर्ड आणि एसेंडन या जोडचौकशीविरुद्ध न्यायालयात गेले. न्यायमूर्ती जॉन मिडलटन यांनी सप्टेंबर २०१४ मध्ये ती कायदेशीर ठरवली. कायद्याचं म्हणणं मान्य. पण याचा अर्थ बघा. तोंड उघडायला लावायचं असतं तेव्हा खेळाडू हा करारबद्ध नोकर असतो. शिक्षा द्यायची वेळ येते तेव्हा तो स्वतःच्या शरीराला सर्वस्वी जबाबदार असा स्वतंत्र माणूस होतो. नोकरीचा उपयोग त्याच्याविरुद्ध झाला, त्याच्या बाजूने झाला नाही.

रग्बी लीगला तर हे विसरण्याची मुळीच सोय नाही. हा खेळ जन्मालाच मजुरीच्या भांडणातून आला. १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडमधले क्लब हडर्सफील्डच्या हॉटेलात जमले आणि रग्बी युनियनमधून फुटले. खाणीत, गिरणीत काम करणारे खेळाडू सामन्यासाठी शनिवारी सुट्टी घेत तेव्हा त्यांचा रोज बुडायचा. तो भरून द्यावा एवढीच मागणी होती, आणि लंडनच्या साहेबांना ती हौशी खेळाच्या शुद्धतेला बट्टा लावणारी वाटली. सिडनीत १९०७ मध्ये हीच फूट पडली तिच्यामागेही अ‍ॅलेक्स बर्डन या खेळाडूचं दुखणं होतं. खेळताना जायबंदी झाला, न्हाव्याचा धंदा बंद पडला, संघटनेने भरपाई द्यायला हात वर केले. त्या चिडीतून लीग उभी राहिली. खेळाडू हा कष्टकरी आहे आणि खेळताना त्याच्या शरीराचं जे नुकसान होतं त्याचा भार खेळवणाऱ्याने उचलायचा, यावर ज्या खेळाचा पाया घातला गेला, त्याच खेळात शंभर वर्षांनी सतरा खेळाडूंना सांगितलं गेलं की तुमच्या दंडात काय गेलं याला तुम्हीच जबाबदार.

यावर जो आक्षेप येतो तो पोकळ नाही. खेळाडू काही कुक्कुलं बाळं नाहीत. पगार घेणारे, एजंट बाळगणारे, दर हंगामाला उत्तेजकांवरचं व्याख्यान ऐकणारे हे प्रौढ लोक. एसेंडनच्या निकालात लवादाने एका गोष्टीवर बोट ठेवलं होतं : तपासणीच्या वेळी भराव्या लागणाऱ्या अर्जात अलीकडे घेतलेली औषधं लिहायची असतात, आणि तिथे खेळाडूंनी इंजेक्शनांचा उल्लेख केला नव्हता. डोकेदुखीची गोळी लिहायची आणि सुई विसरायची, हे पचायला जड आहे. शिवाय ‘मला माहीत नव्हतं’ ही पळवाट एकदा मोकळी केली की जगातला प्रत्येक पकडलेला खेळाडू तिथूनच निसटणार. म्हणून शरीरात सापडलं की जबाबदारी तुझी, हा नियम वाडाने केला. प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने विचार केला तर तो न्याय्यच आहे. जो काही न घेता सामना हरला त्याला समोरच्याच्या अज्ञानाशी काय देणं-घेणं?

तो नियम मोडा असं माझं म्हणणं नाहीच. पदक काढून घ्या, बंदी घाला. माझा मुद्दा असा की या नियमाचं काम निकाल स्वच्छ ठेवण्याचं आहे आणि आपण त्याच्याकडून दोष वाटून द्यायचं कामही करून घेतो. खेळाडू दोषी ठरला की प्रकरण मिटलं, असा सगळ्यांचा समज होतो, आणि हा समज क्लबच्या सोयीचा असतो. लीगच्याही. लीग ही स्पर्धेची मालक, क्लबांची भागीदार, प्रक्षेपणाचे हक्क विकणारी विक्रेती आणि वर न्यायाधीश. प्रकरण लांबलं तर तिचंच नुकसान. क्रोनुलाची तडजोड हंगामाच्या शेवटच्या तीन आठवड्यांत झाली, ती योगायोगाने असं कोणाला वाटत असेल तर वाटो. कॅनबेरा रेडर्सच्या सँडर अर्लने ऑगस्ट २०१३ मध्येच पुढे येऊन कबुली दिली होती. त्याच्यावर वापराबरोबर पुरवठ्याचाही आरोप होता, त्यामुळे शिक्षा जास्त होणारच होती, हे मान्य. तरी सगळ्यांत आधी बोलणारा चार वर्षं बाहेर आणि वर्षभर गप्प राहिलेले तीन सामने बाहेर, हे पाहून पुढचा खेळाडू काय धडा घेईल?

व्यक्तीला निलंबित केल्याने संस्थेचा कारभार सुधारतो असंही नाही. डिसेंबर २०१८ मध्ये लीगने फ्लॅनगन यांची नोंदणी रद्द केली. कारण, २०१४ च्या निलंबनाच्या काळातही ते ईमेलवरून क्लबच्या लोकांशी कामाचं बोलत होते हे उघड झालं. तेही भलत्याच, म्हणजे खेळाडूंच्या एकूण पगारावर लीगने घातलेल्या मर्यादेच्या तपासात जुनी पत्रं चाळताना. क्लबला पुन्हा दंड. पुन्हा तेच सभासद. फ्लॅनगन २०२४ च्या हंगामापासून शेजारच्या सेंट जॉर्ज इलवाराचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांनी आपली शिक्षा भोगली, त्यांना काम मिळण्यात गैर काही नाही. पण निलंबित प्रशिक्षक कोणाला ईमेल पाठवत होता? त्या ईमेल घेणारा कोणीतरी क्लबात बसलेला होता. दंड भरून झाला आणि क्लबची सवय होती तशीच राहिली, याचा हा लेखी पुरावा आहे.

आपल्याकडे रग्बी लीग कोणी बघत नाही, पण हा प्रश्न ओळखीचा आहे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल आणि ग्वांगझू आशियाई स्पर्धेत सोनं जिंकणाऱ्या रिले संघातल्या अश्विनी अकुंजी, सिनी जोस, मनदीप कौर आणि आणखी काही धावपटू २०११ मध्ये स्टेरॉइडसाठी सापडल्या. सरकारी शिबिरात, सरकारने नेमलेल्या युरी ओगोरोदनिक या युक्रेनियन प्रशिक्षकाने चीनहून आणलेलं जिनसेंग आपण घेतलं, असं त्यांनी सांगितलं. प्रशिक्षकाची हकालपट्टी झाली. मुलींना आधी एक वर्षाची बंदी मिळाली, पुढे क्रीडा लवादाने ती दोन वर्षांची केली. शिबिर चालवणाऱ्यांनी काय हिशोब दिला? प्रशिक्षकाच्या बॅगेतल्या डब्यांची नोंद कोणी ठेवली होती? हे प्रश्न कुठल्या न्यायालयात विचारलेच गेले नाहीत. महाराष्ट्र केसरी नरसिंग यादवच्या बाबतीत २०१६ मध्ये आपल्या शिस्तपालन समितीने घातपाताचं म्हणणं मान्य केलं होतं. रिओत लवादाने ते फेटाळलं आणि चार वर्षांची बंदी आली. घातपात खरा की खोटा यावर मी बोलणार नाही. मात्र जेवण राष्ट्रीय शिबिराच्या स्वयंपाकघरातलं होतं, आणि तिथे कोण शिरतं यावर नजर ठेवणं हे पैलवानाचं काम नव्हतं. २०२३ मध्ये पाच हजारांवर नमुने तपासणाऱ्या देशांत सदोष नमुन्यांचं प्रमाण सर्वांत जास्त भारताचं होतं. २०२२ चा उत्तेजकविरोधी कायदा आहे, पण शिबिर, अकादमी किंवा लीगच्या संघाला मालक म्हणून जाब विचारणारं कलम कोणी वापरलेलं माझ्या पाहण्यात नाही. कबड्डीपासून खो-खोपर्यंत आता आपल्याकडेही संघांना मालक आहेत. तालमीच्या कोपऱ्यात लेबल अर्धवट फाटलेले पावडरचे डबे आहेत. मालक आणि डबा यांच्यामध्ये जो उभा असतो त्याच्याकडे पदवी आहे का हे कोणी बघत नाही.

म्हणून काय करावं याबद्दल माझं मत ऑस्ट्रेलियासाठी आणि आपल्यासाठी एकच आहे. खेळाडूच्या शरीरात जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीची नोंदवही ठेवणं क्लबला कायद्याने बंधनकारक असावं. काय, किती, कोणी दिलं, कुठल्या खेपेतलं. खाली नोंदणीकृत डॉक्टरची सही असावी, आणि त्या डॉक्टरला काढायचं तर लीगला कारण द्यावं लागावं. वही नसेल तर बंदी असलेलं द्रव्य सापडण्याची वाट न बघता कामगार सुरक्षेच्या कायद्याखाली खटला भरावा, आणि तो खेळाशी लागेबांधे नसलेल्या यंत्रणेने भरावा. दंडाचा एक हिस्सा संचालकांनी वैयक्तिक भरावा आणि तो विम्यातून वळता करता येऊ नये. हे झालं तर मानद पदं घ्यायला कोणी पुढे येणार नाही, अशी ओरड होईल. होऊ दे. सहकारी बँकांच्या संचालकांवर वैयक्तिक जबाबदारी टाकायची वेळ आली तेव्हाही हीच ओरड झाली होती, आणि निवडणुकीला उभं राहणाऱ्यांची रांग काही कमी झाली नाही.

राहिला दंडाचा पैसा. लीगने क्लबकडून घेतलेली रक्कम लीगच्याच तिजोरीत जाते, आणि ज्यांच्या शरीरावर प्रयोग झाला त्यांच्या वाट्याला यायची तर त्यांना वेगळा दावा लावावा लागतो. एसेंडनच्या खेळाडूंनी वकील गाठून भरपाईच्या तडजोडी करून घेतल्या. मोठी लीग, मोठी संघटना, त्यामुळे जमलं. संघातून लवकर बाहेर पडलेल्या, दोन-चार सामने खेळून सुतारकामाला किंवा ट्रक चालवायला लागलेल्या पोराला ते जमणार नाही. या पेप्टाइडांचे निरोगी माणसांवर दूरगामी परिणाम काय होतात यावर ठाम बोलता येईल इतका अभ्यास झालेला नाही, आणि नोंदी नसल्यामुळे कोणाला किती मात्रा गेली हेही आता कळायला मार्ग नाही. मग त्या सतरा जणांची दर वर्षी रक्ततपासणी करायची, पन्नाशीत, साठीतही करायची, तर तिचं बिल कोणाच्या नावावर फाडायचं हे त्या दहा लाखांच्या निकालपत्रातच लिहून ठेवायला हवं होतं.